‘मॅन्सफील्ड पार्क’ आणि तिचे पहिले वाचक

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका कादंबरीबद्दल बोलणार आहे, आणि कादंबरीपेक्षाही जास्त तिच्या पहिल्यावहिल्या वाचकांबद्दल. कादंबरी जेन ऑस्टिनची, ‘मॅन्सफील्ड पार्क’. मे १८१४ मध्ये लंडनच्या थॉमस एगर्टन या प्रकाशकानं ती तीन खंडांत काढली. तो काळ रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२० चा. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला होता आणि त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार पाहत होता. आपल्याकडे तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. त्या रीजन्सी काळातल्या प्रेमकथा आज जगभर आवडीनं वाचल्या जातात. वाड्यांमधले नाच, घोडागाड्या, वारसाहक्काच्या कटकटी आणि शेवटी लग्न, हा सगळा थाट आपल्याही वाचकांच्या ओळखीचा झाला आहे. पण त्या काळात, त्याच काळाबद्दल लिहिलेली प्रेमकथा वाचून तेव्हाची माणसं काय म्हणाली, हे आपल्याला सहसा कळत नाही. ‘मॅन्सफील्ड पार्क’च्या बाबतीत कळतं, कारण खुद्द लेखिकेनं ते लिहून ठेवलं.

‘मॅन्सफील्ड पार्क’ बाहेर आली तेव्हा एकाही नियतकालिकानं तिचं परीक्षण छापलं नाही. पुस्तक खपत होतं. अठरा शिलिंग ही किंमत काही थोडी नव्हे, शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्याहून बरीच कमी असे. तरीही पहिली आवृत्ती नोव्हेंबरपर्यंत संपली. छापील चर्चा मात्र शून्य. पुस्तकावर लेखिकेचं नावही नव्हतं, ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आणि ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ लिहिणाऱ्या लेखिकेची कादंबरी, एवढंच. मग हॅम्पशायरमधल्या चॉटन गावात राहणाऱ्या या अडतीस वर्षांच्या बाईनं स्वतःच मतं गोळा करायला सुरुवात केली. आई, बहीण, भाऊ, भावजया, भाचरं, शेजारपाजारच्या बाया, ओळखीचे पाद्री, आरमारातले अधिकारी. कोणी समोर बोललं, कोणी पत्रातून कळवलं, कोणाचं तिसऱ्याच्या तोंडून कानावर आलं. ते सगळं तिनं आपल्या हातानं कागदावर उतरवलं. ती पानं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. फॅनी प्राइस ही पोर्ट्समथ बंदरातल्या गरीब, पोरवड्याच्या घरातली मुलगी. दहाव्या वर्षी श्रीमंत मावशीच्या घरी, मॅन्सफील्ड पार्कला येते आणि तिथं आश्रितासारखी वाढते. दुसरी मावशी मिसेस नॉरिस. ती तिला पदोपदी तिची पायरी दाखवत राहते. ऐन थंडीत फॅनीच्या खोलीत शेकोटीसुद्धा पेटू देत नाही. मावसभाऊ एडमंड तेवढा मायेनं वागतो आणि फॅनीचं मन त्याच्यावर जडतं. एडमंडला मात्र मेरी क्रॉफर्ड ही लंडनची हुशार, देखणी, बोलघेवडी मुलगी भुरळ घालते. मेरीचा भाऊ हेन्री, अगदी रंगेल माणूस, आधी गंमत म्हणून फॅनीच्या मागे लागतो, मग खरोखरच तिच्या प्रेमात पडून मागणी घालतो. फॅनी नकार देते. घरचे सगळे तिला कृतघ्न ठरवतात, तरी ती हलत नाही.

आता मतं ऐका. जेनची आई म्हणाली, ‘प्राइड अँड प्रेजुडिस’इतकी ही काही आवडली नाही, फॅनी अळणी वाटली, मिसेस नॉरिसनं मात्र मजा आणली. पोटच्या मुलीच्या पुस्तकाबद्दल आईनं इतकं रोखठोक बोलावं आणि मुलीनं ते जसंच्या तसं टिपावं! थोरली बहीण कसांड्रा म्हणाली, हुशारी तेवढीच आहे, चमक तेवढी नाही. फॅनी तिला आवडली आणि कादंबरीतल्या मिस्टर रशवर्थच्या बावळटपणानं तिची भरपूर करमणूक झाली. भाऊ चार्ल्सला घडामोडी कमी वाटल्या. आरमारातला भाऊ फ्रँक म्हणाला, एकंदरीत आधीच्या पुस्तकाच्या तोडीची नाही, पण फॅनी गोड आहे आणि नॉरिस मावशी तर आपली फार लाडकी. मार्था लॉइड, ऑस्टिन मायलेकींच्या घरातच राहणारी मैत्रीण, हिला मात्र आधीच्या दोन्ही पुस्तकांपेक्षा हीच आवडली; फॅनी अतिशय आवडली आणि मिसेस नॉरिसचा तिला मनापासून तिटकारा आला.

यातल्या आई, कसांड्रा आणि मार्था तर एकाच घरातल्या, एकाच चुलीवर जेवणाऱ्या. फॅनी एकीला अळणी वाटते आणि दुसरीला जिवाभावाची. आणि आजही, दोनशे वर्षांनंतर, चार वाचक या पुस्तकावर बोलायला बसले की भांडण इथंच सुरू होतं. फॅनी नको म्हणणाऱ्यांत लेखिकेची भाची ॲना होती. तिला फॅनी सहनच झाली नाही. मला विचाराल तर मी मार्था लॉइडच्या बाजूची. जिच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं, जिच्या अंगावरचे कपडे दुसऱ्याच्या पैशाचे, ती मुलगी घरच्या कर्त्या पुरुषासमोर रडत रडत का होईना, पण या माणसाशी लग्न करणार नाही असं सांगते. ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ची नायिका एलिझाबेथ बेनेट हिच्या चटपटीत उत्तरांवर आपण सगळे खूश असतो, पण तिच्या मागे तिला जीव लावणारे वडील उभे होते. फॅनीच्या मागे कोणीच नव्हतं.

मतांची ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचते ती तिच्या नेमकेपणासाठी. छान आहे, वाचनीय आहे, अशी गुळमुळीत दाद तिच्यात थोडी आहे. बरेच जण बोट ठेवून सांगतात. पोर्ट्समथचा भाग घ्या. हेन्रीला नकार दिल्यावर फॅनीला काही आठवडे आईबापांच्या घरी पाठवलं जातं. कागदासारख्या भिंती, जिन्यावर धावणारे भाऊ, आपटणारी दारं, एका छोट्या चांदीच्या सुरीवरून दोघी बहिणींचं भांडण. एका ठिकाणी फॅनी नुसती बसून राहिली आहे. त्या कोंदट खोलीत ऊन आलंय, पण त्या उन्हात दिसते ती हवेतली धूळ. टेबलावर नीट न पुसलेले कप आणि बशा. दूध इतकं पातळ की त्यावर निळसर छटा आणि वर तरंगणारे कण. पावावरचं लोणी क्षणाक्षणाला अधिक ओशट होत चाललंय. आठ वर्षं मोठ्या वाड्यात काढलेल्या मुलीला आपलंच घर परकं का वाटतं, हे त्या एका दुधाच्या भांड्यात दिसतं. हा भाग ॲनाला आवडला, तिच्या सावत्र आईलाही आवडला. ॲडमिरल फूट यांना तर आश्चर्य वाटलं की या बाईला पोर्ट्समथ इतकं चांगलं रंगवता आलं. आयुष्य समुद्रावर आणि बंदरात काढलेल्या माणसाची ही पावती आहे. कुठल्या परीक्षकाला ती देता आली असती?

आणि आता सगळ्यात मोठा वाद. कादंबरीच्या शेवटी शेवटी, फॅनीवर एवढा जीव टाकणारा हेन्री क्रॉफर्ड एका विवाहित बाईबरोबर पळून जातो. ती बाई म्हणजे फॅनीचीच मावसबहीण मराया, बावळट रशवर्थची बायको. लेखिकेचा भाचा एडवर्ड, तेव्हा वीस वर्षांचा, म्हणाला, हे पटत नाही. फॅनीच्या इतक्या प्रेमात असताना, नेमक्या त्याच वेळी तो असं कसं करेल? आणि त्याच यादीत त्याची काकू, मिसेस जेम्स ऑस्टिन म्हणते, हेन्रीचं पळून जाणं अगदी स्वाभाविक आहे! वीस वर्षांच्या मुलाला जे अशक्य वाटलं, ते संसार केलेल्या बाईला सहज पटलं. जेननं दोन्ही मतं लिहिली. कोण बरोबर, याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मला या बाबतीत दोघांचंही ऐकावंसं वाटतं, पण शेवटी मी काकूंकडे झुकते. एडवर्डची शंका पोरकट नाही. कादंबरीतच लेखिकेनं म्हटलं आहे की हेन्री चिकाटीनं आणि सरळपणानं वागत राहिला असता, तर एडमंडचं मेरीशी लग्न झाल्यावर काही काळानं फॅनी त्याला मिळाली असती, आणि तीही राजीखुशीनं. म्हणजे दार उघडं होतं. पण हेन्रीला मराया भेटली, तिनं थंडपणे वागवलं, आणि त्याचा अहंकार दुखावला. आपल्याकडे पाठ फिरवणारी बाई त्याला कधीच सहन होत नव्हती. तो प्रेमापोटी पळाला नाही, हट्टापोटी फसला. अशी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

दुसरी तक्रार लाडक्या भाचीची, फॅनी नाइटची. नायिका आवडली, पण शेवट नाही. एडमंड आणि फॅनी यांच्यात आणखी प्रेम दाखवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. प्रेमकथा वाचणारा प्रत्येक जण ही तक्रार ओळखेल! तीन खंड वाट पाहायची, आणि एडमंडचं मन मेरीकडून फॅनीकडे वळतं ते एका परिच्छेदात. तिथं लेखिका सरळ म्हणते की मी मुद्दामच तारखा देत नाही, ज्याला जेवढा काळ योग्य वाटेल तेवढा त्यानं धरावा. इथं माझं मत भाचीच्या बाजूनं आहे. फॅनीनं जितकं सोसलं, त्या मानानं तिचं सुख फार घाईत उरकलं गेलं.

शेजारच्या मिसेस ऑगस्टा ब्रॅमस्टन यांचं मत मला फार प्रिय आहे. त्या म्हणाल्या, आधीची दोन्ही पुस्तकं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. हे जरा बरं असेल अशी आशा. पहिला खंड संपवलाय, म्हणजे सगळ्यात वाईट भाग तरी मागे पडला असं समजते. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मिसेस ब्रॅमस्टन म्हणाल्या की लेडी बर्ट्रम अगदी आपल्यासारखी आहे. ही लेडी बर्ट्रम म्हणजे फॅनीची ती श्रीमंत मावशी, दिवसभर सोफ्यावर पाळीव कुत्रीला घेऊन बसणारी बाई. भाचा आरमारात आहे, तो पूर्वेकडे हिंदुस्थानच्या बाजूला गेला तर बरं, म्हणजे आपल्याला शाल मिळेल, आणि एक कशाला, दोन शाली मागवू, एवढीच तिला त्याच्या प्रवासाची काळजी. त्या बाईत स्वतःला ओळखणं आणि तसं लेखिकेला कळवणं, यात किती निर्मळ मन दिसतं! प्रकाशक एगर्टन यांनी नीतिमत्तेबद्दल आणि सगळीकडे सारखा दर्जा राखल्याबद्दल स्तुती केली. तेही यादीत आहे, आणि त्याला आईच्या ‘अळणी’पेक्षा जास्त मान दिलेला नाही.

इतक्या मतांचं तिनं केलं काय? पुढची कादंबरी ‘एमा’, डिसेंबर १८१५ मध्ये जॉन मरे यांनी काढली. तिच्याबद्दल लेखिका म्हणाली होती की ही नायिका माझ्याशिवाय कोणाला फारशी आवडायची नाही, असं तिचा भाचा चरित्रात सांगतो. म्हणजे फॅनीवरून एवढं ऐकल्यावरही तिनं सगळ्यांना खूश करणारी नायिका घडवायला घेतली नाही. आणि प्रेमाचे प्रसंग वाढवा म्हणणाऱ्या भाचीचं तर तिनं मुळीच ऐकलं नाही. मिस्टर नाइटली एमाला मागणी घालतो, आणि एमा काय म्हणाली? जे म्हणायला हवं तेच, एवढंच सांगून लेखिका पुढे जाते. ‘एमा’वरची मतंही तिनं तशीच टिपली. फ्रान्सिस जेफ्री, ‘एडिनबरा रिव्ह्यू’चे नामांकित संपादक, या पुस्तकापायी तीन रात्री जागले. मिस्टर फौल यांनी फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, कारण पुस्तक रंजक नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. आणि फॅनी नाइट? तिला एमा सहन झाली नाही.

१ एप्रिल १८१६ या एका दिवशी जेन ऑस्टिननं लिहिलेली दोन पत्रं उपलब्ध आहेत. पहिलं रीजंटचे ग्रंथपाल जेम्स स्टॅनियर क्लार्क यांना. ‘एमा’ रीजंटला अर्पण करण्याची सोय त्यांच्यामार्फतच झाली होती. त्यांनी सुचवलं होतं की आता जर्मनीतल्या कोबर्ग राजघराण्यावर एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहा. तिनं अत्यंत नम्रपणे कळवलं की ते आपल्याच्यानं होणार नाही, जीव वाचवण्यासाठी लिहावी लागली तरच लिहीन; आपण आपल्याच पद्धतीनं, आपल्याच वाटेनं जाणार. दुसरं पत्र जॉन मरे यांना. मरे यांच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात ‘एमा’चं मोठं परीक्षण आलं होतं. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं, पण ते होते नामवंत कवी आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. त्यात तिच्या आधीच्या पुस्तकांचीही चर्चा होती, फक्त ‘मॅन्सफील्ड पार्क’चा उल्लेख नव्हता. अंक परत पाठवताना तिनं लिहिलं की ‘एमा’च्या लेखिकेला तक्रारीला जागा नाही, एक सोडून. इतक्या हुशार माणसाला ‘मॅन्सफील्ड पार्क’ दखल घेण्याजोगी वाटू नये, याचं मला वाईट वाटतं.

आईची नापसंती, भाचीचा नकार, शेजारणीचा ‘मूर्खपणा’ हे सगळं तिनं शांतपणे लिहून घेतलं होतं. तिला लागली ती स्कॉटची गप्प बसण्याची गोष्ट.