क्विन्सीचे अ‍ॅडम्स आणि आमच्या घरातली सही

(वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात आमच्या घरी जेवताना जोराचं भांडण झालं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या गावातलं वाचनालय रविवारी बंद ठेवायचं घाटतंय. लेकीने मैत्रिणींबरोबर त्याविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्या आणि कागद आपल्या बाबांपुढे ठेवला. बाबा म्हणाले, "अजून ग्रीन कार्ड व्हायचंय. आपण बरं, आपलं काम बरं." त्यावर ती ताडकन म्हणाली, "बाबा, गुलामांच्या नावाने आलेला अर्ज घेऊन जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स उभे राहिले होते. आणि तुम्हाला एका सहीची भीती वाटते?" नवरा ताटावरून उठला.

आपण सगळे बॉस्टनच्या आसपास राहतो. पाहुणे आले की त्यांना शहरातल्या ऐतिहासिक जागांची फ्रीडम ट्रेल दाखवतो, रेड लाईन मेट्रोने अर्ध्या तासात गाठता येणाऱ्या अ‍ॅडम्स यांच्या क्विन्सी गावाला मात्र नेत नाही. मला स्वतःला या भांडणानंतरच ते अ‍ॅडम्स नीट वाचावेसे वाटले.

त्यांचे वडील जॉन अ‍ॅडम्स अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष, हे सहावे. सात वर्षांचे असताना आई अ‍ॅबिगेलबरोबर टेकडीवर उभं राहून त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला होता. चौदाव्या वर्षी एका अमेरिकन राजदूताचे चिटणीस म्हणून ते सेंट पीटर्सबर्गला गेले. पुढे ठिकठिकाणी राजदूत, मग आठ वर्षं परराष्ट्रमंत्री. युरोपने अमेरिका खंडात ढवळाढवळ करू नये, हा जो मन्रो सिद्धान्त म्हणतात त्याची घडण बरीचशी त्यांची. एवढी शिदोरी असूनही त्यांचं राष्ट्राध्यक्षपद मात्र फसलं. १८२४ च्या निवडणुकीत जास्त मतं अँड्र्यू जॅक्सन यांना होती, पण बहुमत कोणालाच नव्हतं. निवड काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधीगृहाकडे गेली आणि त्याच निवडणुकीतले एक उमेदवार हेन्री क्ले यांच्या पाठिंब्यावर अ‍ॅडम्स निवडून आले. मग क्ले यांनाच त्यांनी परराष्ट्रमंत्री केलं. 'सौदा झाला' ही ओरड चार वर्षं थांबली नाही. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, अशी त्यांची स्वप्नं काँग्रेसने बहुतेक अडवून धरली, आणि १८२८ मध्ये जॅक्सननी त्यांना पाडलं.

इथे दुसरा कोणी घरी बसला असता. हे १८३० मध्ये प्लिमथ भागातून साध्या प्रतिनिधीच्या जागेवर निवडून आले आणि मरेपर्यंत, सतरा वर्षं, तिथेच बसले.

त्या काळात गुलामगिरीविरुद्ध सह्यांचे अर्ज काँग्रेसकडे ढिगाने येत होते. त्यात बायकांच्या सह्या भरपूर, आणि बायकांना तर मतही नव्हतं. दक्षिणेकडचे सभासद चिडले आणि १८३६ मध्ये प्रतिनिधीगृहाने नियम केला: असे अर्ज न छापता, न चर्चा करता बाजूला टाकायचे. सरळ मुस्कटदाबी. अ‍ॅडम्स तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मतासाठी नाव पुकारलं तेव्हा ते म्हणाले, हा ठराव राज्यघटनेचा भंग आहे, सभागृहाच्या नियमांचा भंग आहे आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा भंग आहे. आठ वर्षं ते याच एका गोष्टीमागे लागले.

फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना साधा प्रश्न विचारला: माझ्याकडे गुलामांकडून आलेला म्हणवणारा एक अर्ज आहे, तो या नियमात बसतो का? सभागृह पेटलं. यांना इथे बोलावून समज द्या, अशा मागण्या झाल्या. दोन-तीन दिवस आरडाओरडा झाल्यावर कळलं की त्या अर्जात गुलामगिरी रद्द करू नका असं लिहिलं होतं! अ‍ॅडम्सना त्यातली मागणी मान्य नव्हती. अर्ज करण्याचा हक्क मान्य होता, म्हणून ते उभे राहिले. पुढे १८४२ मध्ये आपल्याच हेवरहिलच्या लोकांनी संघराज्य मोडा असा अर्ज पाठवला. तोही त्यांनी सादर केला, आणि ही मागणी का मान्य करता येत नाही याचं उत्तर लोकांना द्या, असं सांगितलं. त्यांच्यावर निषेधाचा ठराव आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस जवळजवळ दोन आठवडे एकट्याने बाजू लढवत राहिला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचा, असं त्यांनी कारकुनाला फर्मावलं. शेवटी ठराव बारगळला, आणि डिसेंबर १८४४ मध्ये तो नियमही गेला.

मधल्या काळात, १८४१ मध्ये, गुलाम म्हणून नेलं जात असताना बंड केलेल्या, आमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकन माणसांसाठी ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. त्या सुमारास त्यांनी रोजनिशीत लिहिलंय: हात थरथरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मेंदू पेंगुळतो. तरी दोन दिवसांत मिळून आठ तासांच्या वर बोलले. ती माणसं सुटली. त्यांनी आभार म्हणून दिलेलं बायबल क्विन्सीच्या वाड्यातल्या दगडी ग्रंथालयात जपलेलं आहे.

आपण महाराष्ट्रातली माणसं हे परकं मानू शकत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना हा लढा आपला वाटला. आपण तर त्याच गावांत घरं घेऊन राहिलोय.

आता थोडं रागावते. लेक बाबांना बोलली ते मला पूर्ण पटलेलं नाही. अ‍ॅडम्स बोलू शकले, कारण प्लिमथचे मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत होते. त्यांची जागा पक्की होती. आमच्या घरची नाही. माझा राग आहे तो ज्यांची जागा पक्की आहे त्यांच्यावर. या सभागृहात वीस-वीस वर्षं नागरिक असलेली कितीतरी घरं आहेत. गणपतीच्या प्रसादाला काय करायचं यावर आपण ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत भांडतो, पण गावाचे निर्णय जिथे होतात त्या टाउन मीटिंगला आपल्यातलं कोणी दिसत नाही. शाळेच्या बजेटवर मत द्यायचं तर 'वेळ कुठे आहे' म्हणतो. दुसऱ्याचा कागद हातात घेऊन उभं राहायचं काम तुमचं आहे. मत पटलं नाही तरी तो कागद पोचवायचा, एवढंच अ‍ॅडम्सनी केलं.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. आपली बरीच मुलं इथे जन्मली, ती नागरिक आहेत. आईबाप ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत आणि रांग कुठे संपते ते कोणालाच दिसत नाही. शाळा त्यांना शिकवते, उभे राहा, बोला. आम्ही घरी सांगतो, हळू बोल. मुलीला गप्प बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि नवऱ्याला घाबरू नको म्हणायचाही धीर होत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या घरी यातून काही वाट काढली असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला जरूर गाठा.