हंगामाचा सण आणि शेताचा सरवा

आदरणीय अध्यक्ष, पाळकसाहेब आणि मंडळीतील बंधुभगिनींनो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘मंडळीचे वर्ष, मंडळीचा पैसा आणि मंडळीबाहेरचा माणूस’ असा छापला आहे. पहिल्या दोन गोष्टींत आपण नगरकर पुरेसे तरबेज आहोत, म्हणून मला खरे तर तिसऱ्याच गोष्टीवर बोलायचे आहे. पण तिथवर जाण्याचा रस्ता पहिल्या दोन गोष्टींतूनच जातो.

आपल्या चर्चचे, म्हणजे मंडळीचे, वर्ष कसे जाते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. नाताळात कॅरोल पार्टी घरोघर फिरते, आणि तिच्या गाण्यापेक्षा तिच्या डब्यातील चिल्लर मोजायला जास्त वेळ लागतो. वॉच नाइटला, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, आपण देवाला वचने देतो आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ येईपर्यंत ती सोयीस्करपणे विसरतो. झावळ्यांच्या रविवारी मुलांची मिरवणूक निघते, उत्तम शुक्रवारी सात वक्ते येशूच्या वधस्तंभावरील सात वचनांवर बोलतात, आणि त्यांतील पाचवे, ‘मला तहान लागली आहे’ हे वचन ज्याच्या वाट्याला येते तो नेमका इतका लांबतो की उरलेल्या दोघांना उभे राहण्यापुरताच वेळ मिळतो. (हसताय, पण गेल्या वर्षी सहावे वचन माझ्याकडे होते.) त्यानंतर पुनरुत्थानाची पहाट, पेंटेकॉस्ट, वार्षिक सभेतील भांडण, आणि मग सगळ्या वर्षाचा कळस असलेला हंगामाचा सण, जो कोठे खरिपानंतर होतो तर कोठे रब्बीनंतर.

या सणात अर्पण म्हणून आलेल्या वस्तूंचा जो लिलाव होतो, त्याबद्दल थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपला स्वभाव तिथे जितका उघडा पडतो तितका वर्षभरात कोठेही पडत नाही. एका मंडळीत, तिचे नाव घेत नाही, मी पाहिलेला प्रसंग आहे. वेदीपुढे बाजरीची कणसे, उसाची मोळी, नारळ, गावरान अंडी, पाय बांधलेला एक संतापलेला कोंबडा, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक लाल भोपळा होता. भोपळा आणणाऱ्या मावशी पाथर्डीकडच्या, कोरडवाहू शेतीतल्या होत्या, आणि बाजारात त्या भोपळ्याला फार तर शंभर रुपये आले असते. लिलाव पुकारणारे निवृत्त गुरुजी ‘एक वार, दोन वार’ म्हणून इतका वेळ थांबत की ‘तीन वार’ कानावर पडेपर्यंत माणसाची इज्जत पणाला लागलेली असे. पुण्याहून आलेल्या एका जावईबापूंनी हजार म्हटले, तेव्हा त्यांच्याशी बांधावरून वाद असलेल्या चुलत सासऱ्यांनी दीड हजार म्हटले. जावयांनी भोपळा जिंकला आणि तो लगेच पुन्हा अर्पण केला. मग सासऱ्यांनी तो जिंकून पुन्हा अर्पण केला, आणि असे होता होता त्या एका भोपळ्याने चर्चच्या आवारातील फरशीचा निम्मा खर्च काढला. सगळे टाळ्या वाजवीत असताना मावशींनी सेक्रेटरींना विचारले, ‘‘साहेब, पण शेवटी भोपळा खाणार कोण?’’

सेक्रेटरींकडे उत्तर नव्हते, कारण त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. बोली तोंडी होत्या आणि पैसे उधार होते. लिलावाची ही उधारी गोळा करण्यासाठी बिचारा सेक्रेटरी कोणकोणत्या दारांशी उभा राहतो, आणि दीड हजारांची बोली करणारा माणूस पाचशेवर तडजोड करू पाहताना कोणती वचने तोंडपाठ म्हणतो, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

लिलावाला माझा विरोध नाही. या पैशामागे एक इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले, आणि त्यानंतर बराच काळ पाळकांचे पगार, शाळा, इमारती यांचा भार परदेशातील देणग्यांवर होता. 1854–55 मध्ये हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतील बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन इकडे आले ते हा आग्रह घेऊन की स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रचार स्वतः पाहावा. 1970 मध्ये नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तोवर आपल्या वाडवडिलांनी ओंजळभर धान्य आणि आण्या-दोन आण्यांच्या अर्पणांतून त्यातला बराचसा भार उचलायला शिकून घेतले होते. माझी तक्रार एवढीच आहे की स्वतःचा खर्च स्वतः करण्याचा धडा आपण इतका चोख गिरवला की आता सगळा खर्च स्वतःवरच करतो. फरशी झाली, मग साउंड सिस्टिम, मग पेव्हर ब्लॉक. कमानीचे एस्टिमेट आलेलेच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, म्हणजे मुख्य मुद्दा आता आटोपता घ्यावा लागेल.

बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सणांची यादी आहे. त्यात सप्ताहांच्या सणाचे, म्हणजे आपल्या पेंटेकॉस्टचे, अर्पणविधी सांगून झाल्यावर लगेच बाविसाव्या वचनात, सणांच्या नियमांमध्ये उपरी वाटावी अशी आज्ञा येते: शेताचे कोपरे पुरते कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आपण अर्पणाचा भाग सांभाळला आणि बाविसावे वचन गाळले. वास्तविक आपल्याला ते सर्वांआधी कळायला हवे होते, कारण नगर जिल्ह्यातील मंडळीचा मोठा भाग ज्या महार आणि मांग घरांतून आला, त्यांच्या पणज्यांनी खळ्याच्या कडेला उभे राहून बलुत्याच्या धान्याची वाट पाहिलेली आहे.

आणि ज्या दिवसांत वेदीपुढे उसाची मोळी उभी असते, त्याच दिवसांत पाथर्डी, शेवगाव, बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांकडे निघालेले असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तान्हे मूल, आणि थोरल्या मुलाची शाळा गावाकडे सुटलेली. ते आपले सभासद नाहीत. बायबलातील रूथ, जी बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती तरी त्याच्या गावची कोठे होती? ती मवाबी, म्हणजे परदेशी होती. बवाजाने तिला सभासदत्वाचा दाखला मागितला नाही; उलट गड्यांना सांगितले की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या आणि तिला लाजवू नका.

म्हणून माझी मागणी नेमकी अशी आहे. लिलावाच्या वसुलीचा दहावा हिस्सा ‘सरवा निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात जावा आणि इमारतीसाठी त्याला कोणीही हात लावू नये. तो गाळपाच्या हंगामात, मंडळीबाहेरच्या ऊसतोड कुटुंबांसाठी, त्यांच्या बायकांना विचारून खर्च व्हावा. मग ते मुलांच्या शिक्षकाचे मानधन असो, औषध असो की फडावर जाण्यापूर्वी लेकरे ठेवायला जागा असो. निधीचा कारभार महिला मंडळाकडे असावा, कारण हिशेब त्यांचाच जुळतो. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, फलक लावायचा नाही, आणि या मदतीच्या बदल्यात कोणालाही उपासनेला बोलवायचे नाही. स्वतःहून कोणी आले तर बाकावर सरकून जागा द्यावी, इतकेच.

ठरावाचा मसुदा मी सेक्रेटरींकडे आजच दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे; अनुमोदकाची जागा मोकळी आहे आणि वार्षिक सभेची नोटीस रविवारी लागणार आहे. ज्यांची लिलावाची बाकी राहिली आहे, त्यांनी आधी ती भरावी आणि मग सही करावी.