लोणार : खड्डा आभाळाचा, खार कातळाचा

(दृश्य : सकाळची तिरपी उन्हं. ड्रोन काठावरून पुढे सरकतो. खाली हिरवट पाणी.)

बुलढाणा जिल्हा. मेहकरच्या दक्षिणेला, सपाट शेतीच्या मुलखात हे लोणार. रस्त्यानं येताना डोंगर लागत नाही, घाट लागत नाही. गावातून पुढे जावं, जमीन जराशी वर चढल्यासारखी वाटावी, आणि पायाखालची जमीनच संपावी, असा हा काठ आहे.

या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. काठानं पूर्ण फेरी मारायची म्हटलं तर पावणेसहा किलोमीटरच्या आसपास चाल. काठापासून पाणी १३५ ते १४० मीटर खाली, आणि तळाच्या सरोवराचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. पाणी कमी-जास्त होतं, तसे शेवटचे दोन्ही आकडेही बदलतात.

लोणारबद्दल दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जातात. उल्का पडली, आणि पाणी खारं झालं. दोन्ही खऱ्या आहेत. पण खार उल्केनं आणला, असा त्यांचा सांधा जुळवला जातो, तो चुकीचा. खड्डा आणि खार ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत.

आधी खड्डा.

(दृश्य : विवराची आतली भिंत. कातळाचे आडवे पट्टे.)

हा सगळा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला. लोणारच्या भिंतीत असे सहा थर ओळखता येतात. कुठे ५ मीटर जाड, कुठे ३०. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचं तोंड असणार, असं कुणालाही वाटेल. ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, तेव्हापासून जवळपास दीडशे वर्षं बहुतेकांचा कल तिकडेच होता.

यात एक गंमत आहे. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ॲरिझोनातल्या एका विवराचा उलगडा करत होते. त्यांना लोणार आणि ते विवर सारखं दिसलं. निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष मात्र त्यांनी काढला तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचा. पुढे दोन्ही विवरं आघाताचीच ठरली.

ज्वालामुखीच्या कल्पनेत मुळातच एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटली, आणि लोणारचा काठ तर अजून ठसठशीत आहे. इतकं जुनं तोंड पावसापाण्यानं केव्हाच झिजून सपाट झालं असतं. नंतर इथे ज्वालामुखी जागा झाला म्हणावं, तर त्याचा ताजा लाव्हा कुठेच नाही, राखही नाही.

मग पुरावा कशाचा?

पहिला पुरावा काठावर उभं राहूनच दिसतो. एरवी आडवे असणारे लाव्हाचे थर काठाजवळ वर उचलले गेले आहेत आणि बाहेरच्या बाजूला कलले आहेत. आसपासच्या जमिनीपेक्षा काठ २० ते ३० मीटर उंच आहे. जमीन नुसती खचली असती तर थर आतल्या बाजूला झुकले असते. काही ठिकाणी तर थरांचा क्रमच उलटलेला आहे. खालचा दगड वर, वरचा खाली. हा उलटलेला आणि उडालेला दगड काठापासून सरासरी सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. गावाच्या बाजूला त्यावर आज घरं आणि शेतं आहेत.

दुसरा पुरावा डोळ्यांना दिसत नाही. तो निर्णायक आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली बेसाल्टचा पातळ काप. स्फटिकांचे लांबट तुकडे.)

बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. लांबट, फिकट स्फटिक. दगडाचा काप केसाहून पातळ घासायचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून फिरवायचा. साध्या बेसाल्टमधला स्फटिक फिरवताना उजळतो, काळा पडतो, पुन्हा उजळतो. लोणारच्या विवरातून काढलेल्या काही दगडांत हेच स्फटिक कसेही फिरवले तरी काळेच राहतात. बाहेरून आकार स्फटिकाचा, कडा शाबूत, आतली रचना मात्र काचेची. न वितळता काच झालेली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती व्हायला हवेच्या दाबाच्या जवळजवळ तीन लाख पट दाब लागतो, आणि तोही क्षणात. कुठलाच ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही. तो देते अवकाशातून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं आलेली वस्तू.

सरोवराच्या तळाला भोकं पाडून हे दगड वर काढले गेले. सुमारे १०० मीटर गाळ आधी लागला, त्याखाली चुरडलेला आणि भाजलेला बेसाल्ट. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी हा पुरावा प्रसिद्ध केला, आणि ज्वालामुखीचा वाद मिटला. आणि त्या गाळाचा अर्थ असा, की आज दिसणारी खोली ही मूळ खोली नव्हे. खड्डा पडला, काही सेकंदांत कडा ढासळून अर्धवट बुजला, आणि उरलेल्यात हजारो वर्षं गाळ साचत गेला.

चंद्रावरून माणसांनी आणलेले दगड तेव्हा प्रयोगशाळांत नुकतेच पोचले होते. चंद्राचे काळे डाग बेसाल्टचे, मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा. आघातानं बेसाल्टचं काय होतं ते पृथ्वीवर नीट पाहायचं तर जागा फार थोड्या. लोणार हे बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर, असं अनेक फलकांवर लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. ब्राझीलमध्येही अशी विवरं आहेत. ती फार जुनी आणि झिजलेली. लोणारइतकं सुस्थितीत दुसरं नाही, एवढं म्हटलं तरी पुरे आहे.

आणि ती उल्का? सरोवराच्या तळाशी ती रुतून बसली आहे, असं गावात ऐकायला मिळेल. आघात करणारी वस्तू ६० ते १०० मीटरच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. त्या वेगानं आदळल्यावर ती अखंड उरत नाही. बरीचशी वितळते, वाफ होते. तिचा माग लागतो तो काठाबाहेरच्या मातीत मिळणाऱ्या काचेच्या बारीक मण्यांत. त्यांतल्या काहींमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियम हे साध्या बेसाल्टपेक्षा जास्त सापडतं. हे मणी वेचून खिशात घालू नका. अभ्यासकाला मणी नुसता मिळून भागत नाही, तो कुठल्या थरातला हे कळावं लागतं.

हे कधी घडलं? लोणारला दोन वयं चिकटली आहेत, आणि त्यांत दहापटीहून जास्त अंतर आहे. तापदीप्तीच्या पद्धतीनं वय आलं ५२ हजार वर्षं. आर्गॉन पद्धतीनं, २०११ मध्ये, ५ लाख ७० हजार. तापदीप्तीत आघातानंतर दगडात साठत गेलेली किरणोत्सारी ऊर्जा मोजतात. ती ऊर्जा हळूहळू गळत असेल, तर वय कमी भरतं. आर्गॉन पद्धतीत दगडात काळाबरोबर साचत जाणारा आर्गॉन वायू मोजतात, आणि तिची अडचण नेमकी उलटी. आघातानं वितळलेल्या काचेतून साडेसहा कोटी वर्षांचा जुना आर्गॉन पुरता निघून गेला नसेल, तर वय जास्त भरतं. २०११ च्या मोजणीत हा शिल्लक आर्गॉन वेगळा काढून हिशेब केला होता, म्हणून आज तिच्यावर अधिक भरवसा ठेवला जातो. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत मात्र अजून ५० हजारच छापलं जातं.

(दृश्य : धार. गोमुखातून पडणारं पाणी, आंघोळीला आलेली माणसं.)

आता पाणी.

काठाच्या ईशान्येला ही धार. बारमाही, गोडी. सरोवराच्या वाटेवर रामगया आणि सीता न्हाणी हेही झरेच. खाऱ्या तळ्याच्या डोक्यावर गोडं पाणी कसं, या प्रश्नाचं उत्तर भिंतीतल्या पट्ट्यांत आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला, खालचा घट्ट. पावसाचं पाणी सच्छिद्र भागात मुरतं, घट्ट कातळावर अडतं आणि आडवं सरकतं. आघातानं हे थर मधूनच कापले गेले. पाणी कापाशी पोचलं की झरा होऊन बाहेर पडतं.

झरे खाली तळ्यात उतरतात. तळ्यातून बाहेर जायला वाट नाही. ना ओढा, ना नदी. इथे पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हानं उडून जाणारं पाणी त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस आटावा तसं हे हजारो वर्षं चाललेलं आटवणं आहे.

पण नुसतं आटवून मिठाचं तळं झालं असतं. इथे झालं सोड्याचं. कारण बेसाल्ट. झिजताना तो सोडियम आणि कॅल्शियम पाण्यात सोडतो, आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं त्यात बायकार्बोनेट होतं. पाणी आटू लागलं की आधी कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतो. तो संपला तरी बायकार्बोनेट शिल्लक राहतं, आणि ते सोडियमच्या सोबतीनं राहतं. म्हणजे सोडा. म्हणून सामू (पीएच) १० च्या घरात, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. पापडखार आणि धुण्याचा सोडा याच घराण्यातले. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर खाराची पापडी धरायची, आणि ती गोळा करून विकायचा इथे मोठा व्यवसाय होता. सोळाव्या शतकातल्या ऐन-ए-अकबरीत, मेहकरच्या परिसरात काच आणि साबणाचं सामान मिळतं, अशी नोंद आहे.

(दृश्य : जवळून. पांढऱ्या कागदावर हळदीचा पिवळा पट्टा. ड्रॉपरमधून एक थेंब पडतो.)

सामू मोजायचं यंत्र नसेल तर हळद चालते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासायची, वाळू द्यायची. त्यावर सरोवराच्या पाण्याचा एक थेंब. पिवळ्याचं लगेच तांबूस-तपकिरी होतं. शेजारी धारेच्या पाण्याचा थेंब टाकला तर पिवळं पिवळंच राहतं. हळदीला क्षार देऊन कुंकू करतात, तीच ही क्रिया. खाली पाण्याच्या काठाशी, कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. झऱ्याचं पाणी आणि तळ्याचं पाणी जिथे भेटतात, तिथे अशी विहीर असणं अगदी साहजिक आहे.

अशा पाण्यात एरवी मासे टिकत नाहीत. टिकतात ते सूक्ष्मजीव. एरवीचा हिरवा रंग स्पिरुलिनासारख्या नीलहरित जिवाणूंचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. त्या उन्हाळ्यात पातळी खूप खाली गेली होती, खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. रंग होता खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा, त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगद्रव्याचा. नमुना न हलवता ठेवला तर जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी निवळशंख व्हायचं. पाण्याचा स्वतःचा रंग बदललाच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

तळाच्या गाळात या आटण्या-भरण्याचा रोजमेळ आहे. सुमारे १० मीटर गाळाच्या नळीत अकरा हजार वर्षांचे थर मिळाले. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. पाणी फार आटून खारट झालं तरच ते बनतात. त्यावरून दोन लांबलेले कोरडे काळ वाचता आले : ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा. त्यातला पहिला सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडू लागली त्या काळाशी येऊन भिडतो.

हा सगळा तोल पाण्याच्या हिशेबावर उभा आहे, म्हणून बिघडतोही तिथेच. जास्तीचं गोडं पाणी आत आलं, मग ते पावसाचं असो की गावच्या सांडपाण्याचं, की खार पातळ होतो, सामू उतरतो. मग बाहेरचे जीव शिरकाव करतात आणि इथले मागे पडतात. सांडपाण्यासोबत आणि शेतातून खत उतरलं तर शेवाळाला खुराक मिळतो. उतारावर वेडी बाभूळ माजली आहे. ती काढताना मुळांसकट काढावी लागते. नुसती तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते.

(दृश्य : उताराची वाट, खाली मंदिराचं शिखर.)

पाहायला यायचं तर पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हे अभयारण्य आहे; वन विभागाच्या वेळा आणि नियम पाळायचे, दगड आणि मणी उचलायचे नाहीत. वाट दगडी आणि निसरडी आहे, चढून यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा आणि पिण्याचं पाणी वरूनच घ्या. काठाशी घाण वास आला तर तो गाळात कुजणाऱ्या शेवाळाचा वायू. काळ्या गाळावर वाळलेली पांढरी साय दिसली तर तिच्यावर पाय टाकू नका, खाली घोट्याच्या वर रुततो. गावातलं दैत्यसूदन मंदिर परतीच्या वाटेवर पाहता येतं. मोठ्या मारुतीजवळ होकायंत्र भरकटतं म्हणतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतंच, उघड्या कातळाला टेकवलं तर ते इतरत्रही भरकटू शकतं. पाणी चढलेलं असेल त्या वर्षी सरोवराची पूर्ण फेरी होत नाही. वाट आहे तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं.