हालश्टाटचं हाडांचं घर

(पहाट. तळ्यावर धुकं. होडी काठाकडे येते आहे.)

ऑस्ट्रियातलं हालश्टाट. आगगाडी तळ्याच्या पलीकडच्या काठाला थांबते. तिथून गावात यायचं ते होडीने. मागे सरळसोट डोंगर, पुढे खोल पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकीच्या डोक्यावर दुसरी अशी चढत गेलेली घरं. १८९० साली खडक फोडून इथे रस्ता आणला. त्याआधी होडी, नाहीतर डोंगरातली पायवाट.

या डोंगराच्या पोटात मीठ आहे. ते काढायला माणसं हजारो वर्षांपासून इथे राहत आली. १८४६ साली मिठाच्या खाणीतले अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना वरच्या खोऱ्यात प्राचीन थडगी सापडू लागली. १८६३ पर्यंत त्यांनी ९८० उकरली, त्यांची चित्रं काढून घेतली, आणि युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला या गावाचं नाव पडलं.

(चर्चच्या पायऱ्या. दफनभूमी. फुलांनी झाकलेल्या कबरी.)

ही आजची दफनभूमी. केवढीशी आहे बघा. फुलांच्या वाफ्यांएवढ्या कबरी, कठड्यापलीकडे थेट तळं. हिला वाढायला जागाच नव्हती. म्हणून दहा-पंधरा वर्षं झाली, की तीच कबर पुढच्या माणसासाठी उघडायची. मग आधीच्या माणसाचं काय?

(संत मायकेलचं चॅपल. तळघराचं दार. आतला अंधार, मग कवट्या.)

आधीचं माणूस इथे येई.

कवटी आणि मोठी हाडं अलगद वर काढायची. स्वच्छ करायची. मग कवटी उघड्यावर ठेवायची, दिवसा उन्हात, रात्री चांदण्यात, कित्येक आठवडे, हस्तिदंतासारखा रंग येईपर्यंत. त्यानंतर रंगकाम. बहुतेकदा कबर खोदणाराच ते करायचा. कपाळावर नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि भोवतीने पानाफुलांची माळ.

जवळून बघा. ही ओकची पानं, ही आयव्हीची वेल. गुलाब म्हणजे प्रेम. या कपाळावरच्या वेलीचा वळसा बघा, किती सावकाश काढलाय. ब्रश धरणाऱ्याने या माणसाला जिवंतपणी चर्चमध्ये, होडीत, बाजारात पाहिलेलं असणार.

रंगवायची ही रीत १७२० च्या सुमाराला सुरू झाली. आज इथे सुमारे १२०० कवट्या आहेत, त्यांतल्या ६१० रंगवलेल्या. त्या घराण्यांप्रमाणे मांडल्या आहेत. नवरा, बायको, मुलं, सुना एकमेकांना लागून. खाली लांब हाडांची रास, त्यावर हे सगळं कुटुंब. आमच्यासारखे कॅमेरे घेऊन येणारे ‘भुताटकी’ म्हणून या खोलीचं चित्रण करतात. इथे उभं राहिल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही. इतक्या कपाळांवर कुणाचं तरी नाव आहे.

१९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली. जागेचा प्रश्न सुटत गेला आणि रंगवलेल्या कवट्या येणं थांबत गेलं.

(बाहेर. गर्दी, फोन उंचावलेले हात.)

आता साडेसातशे वस्तीच्या या गावात हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसं येतात. २०२३ साली गावकऱ्यांनी त्याविरुद्ध निदर्शनंही केली.

(परत आत. क्रूसाजवळची एक कवटी. कॅमेरा स्थिर.)

ही शेवटची. ही बाई १९८३ मध्ये गेली. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपल्या माणसांत यायचं ही तिची स्वतःची इच्छा होती. बारा वर्षं ती बाहेरच्या मातीत होती, १९९५ मध्ये तिला इथे आणलं. तिचा सोन्याचा दात अजून जागेवर आहे.