हप्ता ९,९११ रुपये

(दृश्य: सकाळ. सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांची खडखड.)

या बोळात यंत्रमाग सुरू झाले की दिवस उजाडला. उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन अम्मा विड्या वळते आहे. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलतानाही हात थांबत नाहीत. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून या घरात कुठलाही खर्च आधी हजारांत मोजला जातो.

थोरली मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इथवर कर्ज काढावं लागलं नाही. अनुदानित कॉलेज, थोडी शिष्यवृत्ती, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या. खरा खर्च आता सुरू होतो, कारण नुसत्या बी.ए.वर मानसशास्त्रज्ञ म्हणून कुणी नेमत नाही. एम.ए. झाल्यावर शाळेत, संस्थेत, हेल्पलाइनवर समुपदेशकाचं काम मिळू शकतं. दवाखान्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून बसायचं, तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी हवी. १९९२च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. त्यासाठीची आजवरची ठरलेली वाट म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. पण देशात एम.फिल. बंद होत गेलं आणि चिकित्सा मानसशास्त्रापुरती मुदतवाढ २०२५-२६च्या प्रवेशापर्यंतच मिळाली. म्हणून आता प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न विचारायचा: हा अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला आहे का? उत्तर लेखी घ्यायचं. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीही थांबवली आहे. घरी बसून स्वस्तात एम.ए. करायची सोयही राहिली नाही.

(दृश्य: मुलीच्या हातात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक.)

दोन वर्षांची फी, वसतिगृह, मेस. बेरीज ६ लाख.

कर्ज मिळणं फार अवघड नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत पदरचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि सरकारच्या कर्ज-हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंत तारणही मागत नाहीत. पालक सहकर्जदार लागतो. म्हणजे सही अम्माची. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, इतकं ऐकून अनेक घरं निर्धास्त होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं.

आम्ही तिच्या वहीत हिशेब मांडला. व्याज दहा टक्के धरलं. पहिल्या वर्षी ३ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी ३ लाख. हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजच दीड लाख. कर्ज झालं साडेसात लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ९,९११ रुपये. एकूण फेड जवळजवळ १२ लाख.

अम्माने विचारलं, "आणि पगार किती की?"

मुलगी गप्प राहिली. मग तिने स्वतःच लिहिलं: समजा १८,०००. खोलीभाडं, जेवण, प्रवास अजून मांडायचं होतं आणि निम्म्याहून जास्त पगार हप्त्यातच गेला होता.

मला इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ही पदवी निरुपयोगी आहे, असा या आकड्याचा अर्थ नाही. या मुलीला घरात तेलुगू, कॉलेजात मराठी आणि शेजारच्या अक्काशी कन्नड बोलता येतं. सोलापुरात घाबरलेला, न झोपणारा, दारूत बुडालेला माणूस ज्या भाषेत रडतो, ती भाषा तिला येते. हे कुठल्याच कॉलेजात विकत मिळत नाही. पूर्व भागातली एखादी बाई तिच्यासमोर जे बोलेल, ते दुभाष्यामार्फत कधीच बोलणार नाही. गरज इथे गल्लोगल्ली आहे, फक्त त्या गरजेतून पगार उभा राहायला वर्षं लागतात. आणि हप्ता वाट पाहत नाही.

म्हणून कर्ज कुठल्या पायरीवर काढायचं, हा प्रश्न मोठा. मधल्या एम.ए.साठीच सहा लाख घेतले, तर पुढच्या नोंदणीच्या शिक्षणाला उसंत उरत नाही. पोरगी हप्त्यासाठी मिळेल त्या नोकरीत अडकते आणि नोंदणी राहून जाते.

(दृश्य: वहीचं नवं पान.)

सरकारी विद्यापीठाच्या विभागात प्रवेश मिळाला, तर फी बरीच कमी. राहणं-खाणं धरून तिने २ लाखांचं कर्ज मांडलं. शिकतानाच व्याज भरत गेलं, तर पुढे दहा वर्षं हप्ता २,६४३ रुपये. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते, मात्र ती ठरावीक दर्जेदार संस्थांपुरतीच. विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का, हे ती उद्या पाहणार आहे. प्रवेश परीक्षेची तयारी तर सुरूच आहे.

पहिल्या वर्षी एकच लाख उचलायचे, म्हणून व्याज महिन्याला ८३३ रुपये.

"ते शिकवणीतून देते मी," मुलगी म्हणाली.

अम्माने ८३३ म्हणजे किती हजार विड्या ते तोंडातल्या तोंडात मोजलं. मग सूप जवळ ओढत म्हणाली, "पहिल्या महिन्याचे मी भरते की."