साप आणि ताट

नमस्कार श्रोतेहो. आपल्या हातून चांगलं घडणार की वाईट, हे आधीच ठरलेलं असतं का? ज्यू परंपरेत यावर रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिबा यांचं एक वाक्य आहे: सगळं आधीच दिसलेलं आहे, तरी मोकळीक दिलेली आहे. पुन्हा सांगतो. सगळं दिसलेलं आहे, तरी मोकळीक दिलेली आहे.

याच अकिबांच्या मुलीची गोष्ट तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. खाल्डियन, म्हणजे बाबिलोनकडच्या, ज्योतिष्यांनी सांगून ठेवलं होतं, लग्नाच्या दिवशी हिला साप चावेल आणि ही जाईल. अकिबांना पोरीचा घोर लागला. लग्नाचा दिवस आला. रात्री तिने अंगावरची टाचणी काढली आणि भिंतीत खोचून ठेवली. सकाळी उपसायला जाते, तर टाचणीमागोमाग साप लोंबत बाहेर! टोक नेमकं त्याच्या डोळ्यात घुसलेलं.

अकिबा म्हणाले, "अगं, काल तू केलंस तरी काय?"

"संध्याकाळी दारात एक गरीब आला होता, बाबा. सगळे जेवणात दंग, त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. मग माझ्या वाटणीचं होतं, ते त्याला दिलं."

आता आपल्याकडे बघा. छत्तीस गुण, मंगळ, नाडी यांवर महिनाभर खल, आणि मंगल कार्यालयाच्या दारात गरिबाला हुसकायला वॉचमन! बुफेत तर अर्धी ताटं तशीच टाकलेली. पंगतच बरी होती, असं माझं मत. असो.

ज्योतिष्यांनी साप सांगितला होता. ताट द्यायचं की नाही, ते सांगितलं नव्हतं. तेवढं तिच्या हातात होतं.

बाराव्या शतकात मायमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञांनी हे ठणकावूनच लिहिलं. कुणीही मोशे या प्रेषितासारखा सज्जन होऊ शकतो, नाहीतर बायबलमधल्या यराबाम राजासारखा दुष्ट. कपाळावर काही लिहिलेलं नसतं. मग देवाला आधीच ठाऊक असतं, त्याचं काय? ते म्हणाले, देवाचं जाणणं माणसाच्या जाणण्यासारखं नव्हे, ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे.

यावर दक्षिण फ्रान्समधले रब्बी अब्राहम बेन डेव्हिड भडकले. तडीला नेता येत नाही तो प्रश्न काढायचाच कशाला, असं त्यांनी सुनावलं. आणि पुढे स्वतःच थोडंसं उत्तर देऊन टाकलं: देवाचं जाणणं म्हणजे हुकूम नव्हे, ते ज्योतिष्याच्या जाणण्यासारखं आहे!