जुना संगणक, नवे काम आणि ऑपरेटिंग सिस्टिमची निवड

मंडळी, विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सुधारणांची नियमित सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आपल्या रत्नागिरी-मालवणकडचे कितीतरी धडधाकट संगणक आता बाद ठरवले जात आहेत. मला हे मान्य नाही. त्यावर कोणते काम व्हायचे आहे, हे विचारल्याशिवाय असा निकाल देताच येत नाही.

हापूसच्या बागायतदाराचे पाहा. भर हंगामात वाशीला गेलेल्या पेट्या, वाहतुकीचे भाडे आणि दलालाकडून आलेली पट्टी हे सारे तो टॅलीत नोंदवतो आणि तीच फाइल त्याच्या सीएकडे जाते. टॅली ही हिशेबाची प्रणाली विंडोजसाठी बनवलेली आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर 'वाइन' या, विंडोजचे प्रोग्राम चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ती चालवून पाहता येईल, पण एप्रिलमध्ये हिशेब अडला तर सोडवायला कोण येणार? अशा माणसाने खर्च सोसून विंडोज ११ चा संगणक घ्यावा, असे मी स्पष्ट सांगेन. युनिकोड ही अक्षरांची सार्वत्रिक पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या, विंडोजवरच्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका साठवलेल्या छापखान्यालाही विंडोज सोडण्याची घाई परवडणार नाही.

किनाऱ्यावर निवास-न्याहारी चालवणाऱ्या कुटुंबाचे काम मात्र आरक्षण, ईमेल आणि बिले एवढेच, म्हणजे जवळजवळ सगळे ब्राउझरमध्येच होणारे असते. त्यांच्या चार जीबी रॅमच्या संगणकात एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क बसवून लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली, तर तो आणखी काही वर्षे सुखाने चालेल. इनस्क्रिप्ट या कळफलकाने मराठी लिहिण्याची सोयही तिथे आहे. वाचनालयांसाठी तर लिनक्सच मूळ घर मानावे लागेल, कारण न्यूझीलंडमध्ये तयार झालेली 'कोहा' ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्याच प्रकारांच्या सर्व्हरवर बसवली जाते आणि देवघेवीच्या टेबलावर फक्त ब्राउझर पुरतो.

मॅकओएस ही ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम ॲपलच्याच यंत्रांसाठी असते. फायनल कट या ॲपलच्या संपादन-प्रणालीवर चित्रफिती संपादित करणाऱ्याला ती घ्यावीच लागते, इतरांनी आधी किंमत पाहावी.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून अमुक प्रणाली घ्या, असा सल्लाही दिला जातो. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या दोन्ही फाइल-व्यवस्था बदलांचे जर्नल, म्हणजे नोंदवही, ठेवतात, त्यामुळे डिस्कवरची रचना सहसा सावरते. जतन न केलेली नोंद मात्र दोन्हीकडे जाते. तिथे यूपीएसच हवा.

लिनक्स घालण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहावे, म्हणजे डिस्कवरचे काहीही न पुसता आपला प्रिंटर, वायफाय आणि स्कॅनर त्यावर चालतो का, हे घरच्या घरी कळते. प्रिंटर चालला नाही, तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. आतले विंडोज जसेच्या तसे असते.